सिरोंच्याला जाणारी कॅसेट

लटारू निमगडे बायकोचं पत्र मला वाचून दाखवायचा, पण अर्धंच. कागदाची वरची घडी अंगठ्याखाली दाबून धरायचा आणि खालच्या ओळी वाचायचा. वरच्या घडीत काय असायचं ते मी कधी विचारलं नाही. खालच्या घडीत गिटारविषयी असायचं.

आम्ही दोघं चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होतो. बॉयलरचं प्रेशर किती, पाणी कुठवर आलं, वाफ किती तापली हे दाखवणारे मीटर नीट ठेवायचं आमचं काम. मी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा, म्हणून तो मला देवरावभाऊ म्हणायचा. नागभीडजवळच्या धानाच्या गावातला. आयटीआय करून १९८२ साली आला. माणूस कामाला चोख, पण बोलायला उशीर. त्याला बोलायचा कंटाळा होता असं नाही, शब्दच मागाहून यायचे. सकाळी शिफ्टमध्ये काही विचारलं तर उत्तर जेवणाच्या सुट्टीत मिळायचं.

गिटार तो नागभीडला शिकला, स्टेशनवरच्या एका सिग्नलवाल्याकडून. उभं राहून वाजवतात ती नव्हे. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात गुळगुळीत लोखंडी कांडी धरून तारेवरून सरकवायची आणि उजव्या हाताच्या नख्यांनी तार छेडायची. त्या काळी गणपतीत, भीमजयंतीत, लग्नात सिनेमाच्या गाण्यांच्या चाली या गिटारवर वाजायच्या. लटारू जयंतीला वाजवायचा, बाकी वर्षभर घरी.

घर म्हणजे दोन खोल्यांचं क्वार्टर. त्यात तो एकटा. लग्न ८१ सालीच झालं होतं. बायको रंभा, शिकलेली नर्स. लग्नानंतर काही महिन्यांत तिला ऑर्डर आली ती सिरोंच्याच्या दवाखान्यात. सिरोंचा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचं अगदी खालचं टोक, गोदावरीच्या काठावर. दोघांनी ठरवलं, वर्षभर काढू, मग बदलीचा अर्ज करू. जिल्हा एकच आहे, कधी ना कधी होईल. आणि ८२ च्या ऑगस्टात जिल्ह्याचे दोन झाले. गडचिरोली वेगळा निघाला, सिरोंचा तिकडे गेलं, ऊर्जानगर इकडे राहिलं. आता ही बदली एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात मागायची होती, आणि तिचे नियम कोणालाच नीट माहीत नव्हते.

लटारूची माय गावाहून आली की म्हणायची, "तुमचं लगन झालं का नाई, तेच मले समजत नाई, बाप्पा."

चंद्रपूरहून सिरोंच्याला एसटीनं जायला सबंध दिवस लागायचा. आलापल्लीच्या पुढे सगळं जंगल. पावसाळ्यात नाले भरले की गाडी आलापल्लीलाच उभी राहायची, कधी आठ-आठ दिवस. त्या गाडीवर मुखरूभाऊ म्हणून एक कंडक्टर होते, लटारूच्या गावाकडचे. तेच पत्र न्यायचे, लोणचं न्यायचे, आणि ८३ सालापासून कॅसेट न्यायला लागले.

कॅसेटची कल्पना रंभाची. तिच्याजवळ सेलवर चालणारा लहान टेप होता. तिनं लिहिलं, पत्रात तुम्ही चारच ओळी लिहिता, त्यापेक्षा टेपमध्ये बोलून पाठवा. लटारूनं जुना टेप-डेक आणला होता, आवाज किती भरतो ते सुईनं दाखवणारा. माइक पुढे ठेवून बसला. टेप फिरत राहिली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "भाऊ, अर्धा तास बसलो. काहीच नाई आलं तोंडात. मंग गिटारच वाजवून पाठवली."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. खालच्या घडीतलं त्यानं मला वाचून दाखवलं. रंभानं लिहिलं होतं, "रोवण्याचं गाणं ओळखलं. माझी माय म्हणायची तसंच आहे. पण शेवटचा होऽ ऐकूच येत नाही. टेपची सूंऽ तेवढी ऐकू येते."

धानाच्या बांधीत बाया रोवणा करताना गातात, त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी एक लांब हेल असतो. वाकलेली बाई पुढची पेंडी हातात घेईपर्यंत तो हेल चालतो. सगळं गाणं त्या हेलात आहे. पण गिटारची तार छेडली की पहिला ठोका मोठा येतो आणि मग आवाज उतरत जातो. डेकची सुई त्या ठोक्याच्या मापानं बसवली की पुढचा हेल बारीक होऊन टेपच्या सूंमध्ये बुडतो. हेल ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला, तर ठोका फाटतो.

लटारू दोन-तीन दिवस त्यावर विचार करत होता. एक दिवस कॅन्टीनमध्ये उत्तर आलं.

"भाऊ, बॉयलरच्या ड्रममंधी पाणी वाढलं का वॉल्व्ह आपोआप मिटते. कमी झालं का खुलते. बरोबर?"

"बरोबर."

"तसाच वॉल्व्ह आवाजाले बसवतो."

याला कॉम्प्रेसर म्हणतात हे त्याला नंतर कळलं. नागपूरला कामानिमित्त गेला तेव्हा सीताबर्डीवर फुटपाथवर इलेक्ट्रॉनिक्सची जुनी मासिकं मिळाली. एकात गिटारवाल्यांसाठी अशा डब्याचा नकाशा होता, पायानं खटका दाबून चालू-बंद करायचा. त्यातले निम्मे भाग आपल्याकडे मिळत नव्हते. मग त्यानं आपल्या पद्धतीनं केलं. एलडीआर म्हणून एक वाटाण्याएवढी चकती येते. तिच्यावर उजेड पडला की तिच्यातून वीज सहज जाते, अंधारात अडते. लटारूनं दिव्यांच्या झालरीतला एक बारीक बल्ब घेतला, त्याच्या तोंडाशी ही चकती धरली आणि दोघांना सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात घट्ट गुंडाळलं. आवाज मोठा झाला की आत बल्ब पेटणार आणि चकती त्यातला थोडा आवाज बाजूला वळवून टाकणार. आवाज लहान झाला की बल्ब मालवणार आणि सगळा आवाज पुढे जाणार. मासिकातल्या इंग्रजी वाक्यांशी त्याची महिनाभर झटापट झाली, पण सर्किट चाललं.

डबा हवा होता, अॅल्युमिनियमचा, म्हणजे आजूबाजूची घरघर आत शिरत नाही. घरात तसा एकच होता, रंभाचा टिफिन. सिरोंच्याला जाताना ती ठेवून गेली होती. त्याला भोकं पाडायला त्याचा हात होईना. मग पाडली. पण पुढे अडचण आली ती वेगळीच. पायानं दाबायचा खटका झाकणावर बसवला, आणि त्यावर पाय काही ठेववेना.

"अन्नाचा डबा आहे, भाऊ."

"मग हातानं दाब."

"दोन्ही हात गुंतले राह्यतेत ना."

शेवटी चप्पल काढून, पाय धुऊन, नुसत्या अंगठ्यानं दाबायला लागला. पुढे कायम तसंच.

मी तेव्हा समोर होतो. सुट्टीचा दिवस, दुपारी तीनचा सुमार. आधी डबा बंद ठेवून रोवण्याचं गाणं वाजवलं. मग अंगठ्यानं खटका दाबला आणि तीच ओळ पुन्हा वाजवली. शेवटच्या हेलाला कांडी वर सरकली, सूर संपेल असं मला वाटलं तिथे संपला नाही. कांडी थरथरत होती तोवर तो चालत राहिला. लटारूनं मान वर केली नाही. संपल्यावर म्हणाला, "आता तिथी पोचल."

पोचला. पण रंभाचं पत्र आलं त्यात नुसती शाबासकी नव्हती. "हेल ऐकला. दोनदा लावला. पण पहिला ठोका अजून कानाला लागतो. मग सूर एकदम खाली बसतो आणि हळूहळू वर येतो, कोणी पाळणा ढकलून सोडून द्यावा तसा."

हे वाचून लटारू चक्क हसला. "बल्ब तापाले टाइम लागते, भाऊ. तेवढ्यात ठोका निघून जाते. आन् थंडा होयाले पण टाइम लागते, म्हणून सूर मागून वर येते. आपल्या मीटरले जे दिसलं नाई ते तिले आयकू आलं."

त्यानं बल्ब काढला आणि त्याजागी लाल एलईडी टाकला. तो तापायची वाट पाहत नाही, लगेच लागतो. कॅसेट गेली. पत्र आलं : ठोका मऊ झाला, पण जाड तारेवर सूर भरडल्यासारखा येतो. एलईडी आता इतका चपळ झाला होता की तारेच्या प्रत्येक थरथरीबरोबर लुकलुकत होता. मग त्यानं एक कपॅसिटर घालून त्याला थोडं सुस्त केलं. पुन्हा कॅसेट, पुन्हा पत्र. एका बदलाला महिना लागायचा. इथे सोल्डरिंग व्हायचं दहा मिनिटांत, आणि ते बरोबर झालं की नाही हे सिरोंच्याहून कळायचं.

एकदा तिनं लिहिलं, तुमच्या गिटारला ताप आला आहे काय, सगळे सूर जड आणि हळू झालेत. लटारू दोन दिवस डबा उघडून बसला. मग कळलं, तिच्या टेपचे सेल उतरले होते. सिरोंच्याला वीज जायची-यायची, दुकानात सेलही संपलेले असायचे. आम्ही इथे वीज तयार करायचो आणि ती तिथे कंदील पुसायची. लटारूनं मुखरूभाऊंच्या हाती सेलचा डबा पाठवला. त्यानंतर प्रत्येक कॅसेटबरोबर सेल जायचे.

८४ चा हिवाळा सरताना तिनं पुन्हा लिहिलं, एखाद वेळी तरी बोला. लटारूनं कॉम्प्रेसरमध्ये माइक लावायची सोय केली, म्हणजे हळू बोललं तरी स्पष्ट जाईल. बसला. "रंभा, मी लटारू बोलून राह्यलो" एवढं बोलला आणि थांबला. पुसून टाकलं. म्हणाला, "कंट्रोल रूमले फोन केल्यासारखं वाटलं, भाऊ." पण माइक लावलाच होता, तर गिटारची वायर सरळ डब्यात घालायच्या ऐवजी तोच त्यानं गिटारच्या स्पीकरपुढे ठेवला आणि पुढच्या कॅसेटी तशाच भरल्या. रंभानं लिहिलं, आता आवाज मोकळा वाटतो.

लटारूला मात्र त्यात एक दोष सापडला. हेडफोन लावून तो भरलेली टेप तपासायचा. गाणं चालू असताना सगळं ठीक, पण दोन गाण्यांच्या मध्ये गिटार थांबली की डब्याला वाटायचं आवाज फार लहान झाला, आणि मग तो सापडेल तो आवाज वर ओढायचा. पंख्याची कुरकुर यायची. बाहेर कोणाची तरी बादली भरायची, ती यायची. प्लँटचा भोंगा यायचा. लटारू मध्येच चहाचा घोट घ्यायचा, तो कप ठेवल्याचा आवाज भांडं पडल्यासारखा यायचा.

"सगळा कचरा जाऊन राह्यला तिच्याकडं," तो म्हणाला, आणि तो दोष काढायला बसला. तीन महिने लागले. शेवटी त्यानं कॉम्प्रेसरच्या मागे आणखी एक सर्किट जोडलं. सूर थांबला की ते दार लावून घ्यायचं, आतबाहेर काही नाही. सूर आला की दार उघडायचं. ८५ च्या मे महिन्यात त्यानं ती कॅसेट मला ऐकवली. गाणं संपलं की मध्ये काळाकुट्ट शांत. पुन्हा गाणं. मी म्हटलं, दुकानातल्या कॅसेटसारखी झाली. तो खूश झाला. तीन वर्षांत मी त्याला एवढा खूश पाहिला नव्हता.

कॅसेट गेली. मग पाऊस लागला, आलापल्लीच्या पुढचा रस्ता बंद झाला. जून गेला, जुलै गेला. मुखरूभाऊ दर फेरीला हात हलवून सांगायचे, नाई आलं. ऑगस्टच्या शेवटी पत्र आलं.

त्या दिवशी लटारूनं घडी दाबून धरली नाही. सबंध कागद माझ्या हातात दिला.

"हे काय लिवलं, पाहा बरं. मले नाई समजत."

पत्र लहान होतं. "सप्रेम जयभीम. कॅसेट मिळाली. गिटार फार छान आली आहे. पण मधे मधे काहीच नाही. आधीच्या कॅसेटींत मधे घर ऐकू यायचं. ते कुठे गेलं? तुमची तब्येत बरी आहे ना? तुम्ही त्याच क्वार्टरमध्ये राहता ना? लवकर कळवा. रंभा."

मी दोनदा वाचलं. मला थोडं समजलं होतं, पण सांगावं कसं ते कळेना. मी म्हटलं, "लटारू, तू जाऊन ये. हे पत्रानं नाई निस्तरणार."

"सुट्टी?"

"साहेबाले मी सांगतो."

तो नोव्हेंबरात गेला, रस्ता कोरडा झाल्यावर. तिथे जे झालं ते त्यानं मला पुढच्या तीन-चार महिन्यांत थोडं थोडं सांगितलं, आणि राहिलेलं पुढे रंभानं माझ्या बायकोला सांगितलं.

रंभा दवाखान्यामागच्या एका खोलीत राहत होती. सकाळची ड्युटी संपवून दुपारी यायची, भात टाकायची आणि टेप लावायची. लटारू खाटेवर बसला होता. त्याला वाटलं, आता ती रोवण्याचं गाणं लावेल. तिनं जुनी कॅसेट घातली, मार्च महिन्यातली, आणि बटण दाबून गाणं पुढे पळवलं. गाणं संपलं तिथे नेमकी थांबली. इतक्या वेळा केल्याशिवाय असं नेमकं थांबता येत नाही.

"आता आयका," ती म्हणाली.

टेपमधून पंख्याची कुरकुर आली.

"हा पंखा. याचं एक पातं वाकलं आहे. आहे ना?"

"हाव."

"कोणी तरी बादली भरते. हे बाई रोज हंड्यात पाणी ओतून मंग बादली भरते. कोण आहे?"

"इसरूची बायको. बाजूच्या क्वार्टरची."

"हा तीनचा भोंगा. भोंगा झाला का तुमी उठता. खुर्ची सरकली, पाहा." ती थोडा वेळ ऐकत राहिली. "आन् हा कप ठेवला. नुसता कप आहे. खाली बशी नाई. तुमी बशी काऊन नाई घेत?"

लटारू म्हणाला, "एकट्याले कायले बशी."

 भात उतू जात होता तरी ती उठली नाही. त्या क्वार्टरमध्ये ती तीन वर्षांत दोनदा आली होती, दोन्ही मिळून अकरा दिवस. बाकी सगळं घर तिनं असं, दोन गाण्यांच्या मधून, बसवलं होतं. मोरी कोणत्या बाजूला, खिडकी कुठे, दुपारी तो कुठे बसतो. गाणं ती एकदा ऐकायची आणि मधलं पुन्हा पुन्हा.

मग ती म्हणाली, "तुमाले बोलता येत नाई, ते मले माहीत आहे. म्हणून मी मधलं आयकते. अन् मेच्या कॅसेटमंधी मधात तुमी नव्हतेच. मले वाटलं, काही झालं का काय. अडीच महिने रस्ता बंद होता."

लटारूनं मला हे सांगितलं तेव्हा आम्ही प्रेशर गेज तपासत होतो. तो गेजची काच पुसत राहिला, ती साफ होती तरी. "भाऊ, तीन महिने मी तिच्या तोंडावर दार लावत होतो. आन् वरून खूश होतो."

परत आल्यावर त्यानं पहिल्याच सुट्टीच्या दिवशी ते मागचं सर्किट उपटून काढलं. कॉम्प्रेसरमध्येही पुन्हा हात घातला. आता त्याला तो दोषच हवा होता, पण हातात. सूर थांबल्यावर किती लवकर आणि किती वर ओढायचं, यासाठी त्यानं एक वेगळं बटण बसवलं. डब्यावर आधीचं एक बटण होतं, त्याखाली त्यानं पांढऱ्या रंगानं 'सूर' लिहिलं होतं. नव्याखाली लिहिलं 'घर'.

त्यानंतरच्या कॅसेटींत गाणी कमी होत गेली. एक गाणं वाजवायचा आणि गिटार बाजूला ठेवून टेप चालूच ठेवायचा. मी कधी गेलो तर दारातच बोटानं खूण करायचा, बोलू नका. तो कांदा कापत असायचा, शर्टाला गुंडी लावत असायचा, झाडून घेत असायचा, आणि टेबलावर डेकचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलेला असायचा. पाच-सात मिनिटांनी पुन्हा गिटारपाशी बसायचा. मी म्हटलं, अरे, मग माझाही आवाज जाऊ दे. तो विचारात पडला आणि पुढच्या वेळी म्हणाला, "बोला भाऊ आता. पण नेहमीसारखं बोला." आणि मला त्याच्यासारखंच झालं, काही सुचेना. मी खोकलो. रंभानं पुढच्या पत्रात विचारलं, देवरावभाऊंचा खोकला अजून गेला नाही का.

त्यानं बशी घ्यायला सुरुवात केली. मुद्दाम काही सांगितलं नाही, कळवलं नाही. कॅसेट गेली आणि मार्चमध्ये पत्र आलं. या वेळी तो नुसता माझ्यासमोर उभा राहिला. मी विचारलं, काय लिहिलं? म्हणाला, "बशी आयकली म्हंते." आणि कामाला गेला.

बदली ८८ च्या जूनमध्ये झाली. एक बाई गडचिरोलीकडे जायला तयार झाली, तिच्या जागी रंभाला आमच्या जवळच्याच दवाखान्यात घेतलं. लग्नाला सात वर्षं झाली होती. मुखरूभाऊंच्याच गाडीनं ती आली, दोन ट्रंका आणि कॅसेटींनी भरलेली एक टोपली घेऊन. आम्ही चार-पाच जण स्टँडवर गेलो होतो. लटारूनं ट्रंक डोक्यावर घेतली आणि तिला म्हणाला, "आली?" ती म्हणाली, "हाव." एवढंच.

आता गोष्ट इथे संपायला हवी, पण माणसांचं तसं नसतं. रंभाला पहिला महिनाभर क्वार्टरमध्ये झोप लागेना. भोंगा टेपमध्ये बारीक यायचा, तो इथे खिडकी हलवायचा. पंखा बदललेला होता. इसरूची बायको भांडकुदळ निघाली. माझ्या बायकोजवळ ती एकदा हसत म्हणाली, "बाई, मी तिथून आयकत होते ते घर याच्यापेक्षा चांगलं होतं." हसली, पण खरंच म्हणाली. लटारूचीही पंचाईत झाली. पाच वर्षं त्यानं जे काही सांगितलं ते कॅसेटमधून सांगितलं होतं, आता बाई समोर बसलेली आणि कॅसेट कोणाला पाठवायची? कधी कधी ती स्वयंपाक करत असायची आणि तो पलीकडच्या खोलीत गिटार घेऊन बसायचा, मध्ये भिंत. तेव्हा बरं वाजवायचा.

८९ च्या जयंतीला बल्लारपूरच्या ऑर्केस्ट्रातला एक गिटारवाला आला होता. त्यानं तो टिफिनचा डबा पाहिला, वाजवून पाहिला, आणि दोन कार्यक्रमांसाठी मागितला. लटारूनं देऊन टाकला. तो माणूस पुढे नागपूरला गेला की आणखी कुठे, पत्ता लागला नाही. मी म्हटलं, चल, शोधू. लटारू म्हणाला, "राहू द्या. कामी येत असन त्याच्या." नकाशा त्याच्या वहीत होता, दुसरा करता आला असता. केला नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत रंभा म्हणाली, मला सिरोंच्याला जायचं आहे. लटारूला नवल वाटलं. ज्या गावातून सुटायला सहा वर्षं अर्ज केले तिथे सुट्टीत कोण जातं? पण गेला. आल्यावर मी विचारलं, काय केलं तिथे? त्या दिवशी उत्तर मिळालं नाही. आठवडा गेला. मग एका दुपारी पाण्याच्या टाकीजवळ आम्ही बसलो होतो तेव्हा आपणहून बोलायला लागला.

दोघं गोदावरीच्या घाटावर गेली होती. रंभा दिसली तशा पाच-सहा बाया धुणं टाकून आल्या. दवाखान्यातली आया सुगंधाबाई आली, मासे विकणारी एक म्हातारी आली. "अक्का, अक्का" करत तिचा हात धरून बसल्या. रंभा त्यांच्याशी भरभर तेलुगूत बोलत होती. मध्येच पाण्यात पाय सोडून बसली, कोणाच्या तरी लेकराला मांडीवर घेतलं, हसता हसता तिचा पदर पाण्यात गेला. त्या लटारूकडे पाहून काही बोलायच्या आणि सगळ्याच हसायच्या. त्याला एक शब्द कळत नव्हता. तो वरच्या पायरीवर सगळ्यांच्या चपला राखत बसला होता. दिवस मावळेपर्यंत त्या उठल्या नाहीत. आणि परतताना गाडीत रंभा खिडकीकडे तोंड करून बसली ती आलापल्ली येईपर्यंत.

"भाऊ," तो म्हणाला, "सहा वर्षं मले वाटे, ते तिथी एकटी आहे."

 टाकीचं पाणी वाहून जात होतं, त्यानं उठून वॉल्व्ह बंद केला आणि पुन्हा येऊन बसला.

"आता ते इथी आहे," तो म्हणाला, "आन् तिले तिथली आठवण येते. मी काय करू, सांगा."

"तेलुगू शीक," मी म्हटलं.

तो हसला नाही. उत्तर नेहमीसारखं मागाहून मिळालं, चार दिवसांनी. शिफ्ट संपवून सायकली काढताना म्हणाला, काल रंभाजवळ बसून दहापर्यंत आकडे शिकलो, सातवा तेवढा जिभेवर बसत नाही.